हार्ट अटॅकनंतर तिसऱ्या दिवशी घरी: दिवसा उत्तम, रात्री रामभरोसे

पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा कुठे गेला ते पुढे येईलच.

माझ्या नवऱ्याला, वय ५७, हार्ट अटॅक आला. मनगटातून अँजिओप्लास्टी करून, म्हणजे हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी (नळी) उघडून, एक स्टेंट, ती उघडी ठेवणारी जाळी, बसवला आणि साठेक तासांत हॉस्पिटलने त्याला घरी सोडलं. हे घाईगर्दीत घडलेलं नाही. या हॉस्पिटलात लवकर डिस्चार्जची रीतसर सेवाच आहे. निवडक पेशंटना दोन-तीन दिवसांत घरी पाठवायचं, पुढचे काही दिवस नर्सने फोनवर चौकशी करायची, तपासणीच्या तारखा आधीच हातात द्यायच्या. मी परीक्षण लिहितेय ते या सेवेचं. ज्यांनी नळी उघडली त्यांच्या हाताबद्दल माझी काहीच तक्रार नाही, तो हात फार चांगला होता. हॉस्पिटलचं नाव देत नाही. जे खटकलं ते त्यांना लेखी कळवलंय.

"बेड रिकामा हवा होता का त्यांना?" हा सासूबाईंचा पहिला प्रश्न. त्यांच्या थोरल्या दिरांना अटॅक आला तेव्हा कित्येक आठवडे उठून बसूही दिलं नव्हतं, पाणीसुद्धा दुसऱ्याने पाजायचं. त्यामुळे लेक स्वतःच्या पायांनी जिना चढून आलेला बघून त्या हबकल्या. प्रश्न अगदी रास्त होता, आणि खरं सांगायचं तर बेड त्यांना हवाच असतो. त्यात लपवण्यासारखं काही नाही. सीसीयूतला, म्हणजे हृदयरोग्यांच्या अतिदक्षता विभागातला, एक बेड अडला की पुढचा अटॅकचा पेशंट दारात ताटकळतो. बघायचं ते एवढंच, की बेड मोकळा करण्याच्या नादात आपला माणूस धोक्यात येतो का.

सासूबाईंना मी आयझेनहॉवरची गोष्ट सांगितली. सप्टेंबर १९५५ मध्ये अमेरिकेच्या या राष्ट्राध्यक्षाला डेन्व्हरमध्ये अटॅक आला आणि त्यांचा मुक्काम लष्करी हॉस्पिटलात जवळजवळ सात आठवडे पडला. तेव्हा रीतच ती होती. हृदयाच्या मेलेल्या स्नायूचा व्रण पक्का व्हायला आठवडे लागतात, तोवर हलायचं नाही. त्याच्या तीन वर्षं आधी, १९५२ मध्ये, सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन यांनी अटॅकच्या पेशंटला पहिल्या काही दिवसांतच खुर्चीत बसवावं असं मांडलं होतं, आणि नुसतं खुर्चीत बसवणं हेही तेव्हा धाडस होतं. झोपवून ठेवण्याची किंमत वेगळीच मोजावी लागे. पायात गुठळ्या होत, त्या फुप्फुसात जात. आणि मुख्य म्हणजे बंद पडलेली नळी उघडायचं काही साधनच नव्हतं. आज नळी त्याच दिवशी उघडते, स्नायू बराचसा वाचतो. त्यामुळे जुन्या आठवड्यांचा हिशेब आजच्या पेशंटला लावता येत नाही. सासूबाईंना हे पटलं की नाही माहीत नाही, पण त्यांनी बेडचा विषय सोडला.

मला स्वतःला पटायला जास्त वेळ लागला. मी रासायनिक कारखान्यात शिफ्ट इन-चार्ज आहे. आयुष्य चार्ज देण्याघेण्यात गेलंय. माझा अनुभव असा की गोंधळ होतो तो शिफ्ट बदलताना. जाणाऱ्याला वाटतं, मी सगळं सांगितलं. येणाऱ्याला वाटतं, विचारण्यासारखं काही नसेल. डिस्चार्ज म्हणजे वॉर्डाने घराला दिलेला चार्ज. तेव्हा मी याच नजरेने सगळं बघत होते, आणि आमच्या कार्डिओलॉजिस्टना ते जाणवलं असावं. कारण त्यांनी राउंड संपवून परत येऊन मला बसवून समजावलं.

त्यांनी जे सांगितलं ते माझ्या शब्दांत. अटॅकनंतर घरी काय बिघडू शकतं? पहिलं म्हणजे हृदयाचा ताल. ठोके एकाएकी विस्कटतात, नुसती थरथर उरते, माणूस कोसळतो, आणि मिनिटांत शॉक दिला नाही तर संपलंच. ही भीती सर्वांत जास्त असते पहिल्या काही तासांत, आणि पहिल्या एक-दोन दिवसांनंतर झपाट्याने उतरते. म्हणून निदान २४ तास मॉनिटरवर ठेवतातच. दुसरं, हृदयाची मोडतोड. मेलेल्या स्नायूची भिंत फाटणं, दोन कप्प्यांमधला पडदा फाटणं, झडप धरून ठेवणारा स्नायू तुटणं. हे पहिल्या आठवड्यात कधीही होऊ शकतं आणि झालं तर घरी कुणाच्या हातात काही राहत नाही. मात्र नळी वेळेवर उघडली असेल तर ते फार विरळा. उशिरा पोचलेले, वयस्कर, मोठ्या भागाला इजा झालेले, यांच्यात त्याचं प्रमाण जास्त. तिसरं, स्टेंटमध्येच पुन्हा गुठळी धरणं. हे पहिल्या महिन्यात केव्हाही होऊ शकतं, आणि त्याचं एक मोठं कारण असतं गोळ्या चुकणं किंवा मनाने बंद करणं.

मला पटवलं ते या तिसऱ्या मुद्द्याने. पेशंटला वॉर्डात आणखी दोन रात्री झोपवल्याने पंधराव्या दिवशीची गुठळी थांबत नाही. ती थांबते गोळीने, आणि गोळी घरात घ्यायची असते. उलट हॉस्पिटलात राहण्याचेही स्वतःचे धोके आहेतच. सलाइनच्या सुईपासून होणारा संसर्ग, अंथरुणावर पडून गेलेली ताकद, आणि झोपेचं खोबरं. शेजारी कुणाचा तरी मॉनिटर रात्रभर पिपाण्या वाजवत असताना कोण झोपणार?

यावर अभ्यासही झालेत. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या पामी-२ या अभ्यासात कमी धोक्याचे ४७१ पेशंट घेतले होते. वय ७० पर्यंत, हृदयाची पंपिंगची ताकद ४५ टक्क्यांच्या वर, खराब नळ्या तीनपेक्षा कमी, अँजिओप्लास्टी यशस्वी, ठोक्यांची गडबड टिकून नाही. अशांपैकी काहींना तिसऱ्या दिवशी सोडलं, काहींना नेहमीसारखं ठेवलं, आणि सहा महिन्यांनी दोन्ही गटांत फरक दिसला नाही. लंडनच्या बार्ट्‌स हार्ट सेंटरने कोरोनाच्या काळात तर ४८ तासांच्या आतच सोडायला सुरुवात केली. ६०० पेशंटचा तो अनुभव २०२१ मध्ये छापून आला. त्यातले निम्मे साधारण एका दिवसातच घरी गेले होते आणि निकाल चांगले होते.

इथे माझ्यातली शिफ्ट इन-चार्ज जरा ताठ बसते. पाचशे-सहाशे माणसं म्हणजे फार नव्हेत. जी गोष्ट हजारात एखाद्याला होते ती अशा अभ्यासात दिसलीच नाही, तर ती होत नाही असं म्हणता येत नाही. शिवाय हे सगळे निवडून घेतलेले पेशंट. आणि बार्ट्‌सच्या पेशंटना घरी सोडून दिलं नव्हतं. दोन दिवसांत फोन, मग ठरलेल्या आठवड्यांना पुन्हा तपासणी, असा पाठपुरावा होता. म्हणजे जे सुरक्षित ठरलं ते 'लवकर डिस्चार्ज अधिक पाठपुरावा' हे जोडपं. त्यातला अर्धा भाग उचलून कुणी "अभ्यासात सिद्ध झालंय" म्हणत असेल तर त्याला तिथेच थांबवावं. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजीच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनाही नेमकं हेच म्हणतात. निवडक, कमी धोक्याच्या पेशंटला ४८ ते ७२ तासांत सोडण्याचा विचार करावा. पण पुनर्वसन लवकर सुरू होणार असेल आणि पुढच्या तपासणीची नीट व्यवस्था असेल तर. दोन अटी आहेत, निवड आणि व्यवस्था. पहिल्या अटीला या हॉस्पिटलला माझे पैकीच्या पैकी गुण. तारे कापले ते सगळे दुसरीत.

निवड त्यांनी कशी केली ते सांगण्यासारखं आहे. नेदरलँड्समधल्या झ्वोले इथल्या डॉक्टरांनी २००४ मध्ये मांडलेली एक गुणपद्धत आहे. हृदय थकल्याची, फुप्फुसात पाणी भरल्याची लक्षणं किती, याला सर्वांत जास्त, नऊपर्यंत गुण. अँजिओप्लास्टीनंतर नळीतून रक्त पूर्ण वाहतंय का, दोनपर्यंत. वय ६० किंवा जास्त असेल तर दोन. तीनही नळ्यांत अडथळे असतील तर एक, अटॅक हृदयाच्या पुढच्या भिंतीचा असेल तर एक, दुखायला लागल्यापासून नळी उघडेपर्यंत चार तासांहून जास्त गेले असतील तर एक. एकूण सोळा. तीनपर्यंत आलात तर कमी धोका. या परीक्षेत कमी गुण मिळवायचे असतात, एवढंच लक्षात ठेवायचं.

डॉक्टरांनी आमच्यासमोर बेरीज केली. नवऱ्याला मिळाला एक गुण, आणि तोही त्याने स्वतः कमावलेला. जबडा आणि पाठ दुखत असताना हा माणूस सकाळभर पित्ताची गोळी घेऊन बसला होता. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला, पंपिंग ५० टक्के. आकडा कागदावर लिहून सही केली. मला हे फार आवडलं. 'पेशंट ठीक दिसतो, सोडा' आणि 'पेशंटचा गुण एक, इको ५०, रात्रीचा मॉनिटर स्वच्छ, म्हणून सोडा' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

शेजारच्या बेडवर एक आजी होत्या. पुढच्या भिंतीचा मोठा अटॅक, दुसऱ्या दिवशी आणलेल्या, श्वास लागलेला, पंपिंग तिशीत. त्यांचा मुलगा डॉक्टरांवर चिडला. "यांना सोडता, मग आईला का नाही? आम्ही काय पाप केलं?" डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तुमच्या आईंना आज सोडलं तर पाप मला लागेल." मी मनातल्या मनात आजींची बेरीज करून पाहिली, वय, श्वास, पुढची भिंत, उशीर, सगळं मिळून आठवर गेली. सरसकट लवकर सोडणारं हॉस्पिटल आणि निवडून सोडणारं हॉस्पिटल यांतला फरक मला तिथे दिसला. तुमच्या माणसाला लवकर सोडतायत म्हणून घाबरायच्या आधी बघा, ते कुणाला थांबवून घेतायत का. कुणालाच थांबवत नसतील तर मात्र घाबरा.

आता घरी पाठवण्याची तयारी. ही त्यांची सर्वांत चांगली गोष्ट. डिस्चार्जच्या दिवशी सकाळी एक सिस्टर आल्या, गोळ्यांच्या पट्ट्या पलंगावर मांडल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "मी एकदा सांगते, मग तुम्ही मला सांगायचं." ॲस्पिरिन कशासाठी, गुठळी होऊ न देणारी टिकाग्रेलॉर कशासाठी आणि दिवसातून दोनदा का, ॲटॉरव्हास्टॅटिन कोलेस्टेरॉल कमी असलं तरी का, बिसोप्रोलॉल, रामिप्रिल. पहिल्या खेपेला त्याने टिकाग्रेलॉर रोज एकदा असं सांगितलं. सिस्टर हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत, पुन्हा पहिल्यापासून. आमच्या कंट्रोल रूममध्ये आम्ही हेच करतो: येणाऱ्याने वाचून दाखवायचं, जाणाऱ्याने ऐकायचं. हॉस्पिटलात हे होताना बघून मला त्या सिस्टरांना नोकरीची ऑफर द्यावीशी वाटली.

जिभेखालच्या स्प्रेची तालीमही झाली. छातीत दुखलं तर आधी बसायचं, मग फवारायचं, पाच मिनिटांत थांबलं नाही तर ॲम्ब्युलन्स; नातेवाइकांना फोन करत बसायचं नाही. मग सिस्टरांनी माझ्यासमोरच सरळ विचारलं, "वायग्रा वगैरे काही घेता का? या स्प्रेबरोबर चालत नाही, रक्तदाब एकदम कोसळतो." नवऱ्याने छताकडे पाहिलं. विचारलं ते बरंच केलं. संकोचामुळे हा प्रश्न गाळणाऱ्या सिस्टर मी पाहिल्यात.

मनगटाची काळजी, वजन उचलणं, जिने, गाडी चालवणं, नवरा-बायकोचे संबंध, सगळं दोन पानांत लिहिलेलं होतं, मोठ्या अक्षरांत. या भागावर आणखी काही लिहायची गरज नाही. उत्तम.

आणि मग शनिवारी संध्याकाळी डिस्चार्ज दिला.

हे वाक्य मी तक्रारीतही असंच लिहिलंय. सगळं सकाळी तयार होतं, पण कागद टाइप होईपर्यंत, सही होईपर्यंत, औषधं खालून येईपर्यंत संध्याकाळ झाली. म्हणजे घरातली पहिली रात्र आणि त्यानंतरचा रविवार अशा वेळी, जेव्हा ज्यांनी पेशंट पाहिलाय त्यांच्यापैकी कुणीही ड्युटीवर नाही. कारखान्यात सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी दुरुस्त केलेलं यंत्र सुरू करून घरी जाणाऱ्या माणसाला मी मेमो दिला असता.

समरी, म्हणजे डिस्चार्जचा कागद, घरी येऊन नीट वाचली तेव्हा आणखी दोन भोकं दिसली. नवरा आधीपासून रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन घेत होता. नव्या यादीत ती गोळी नव्हती, पण ती बंद करा असंही कुठे लिहिलेलं नव्हतं. घ्यायची की नाही? बिसोप्रोलॉल आणि रामिप्रिल या दोन नवीन गोळ्या रक्तदाब उतरवणाऱ्या, त्यावर ही तिसरी घेतली तर चक्कर येऊन पडायचा. दुसरं भोक जास्त गंभीर. अँजिओप्लास्टीत नळ्या दिसाव्यात म्हणून जो रंग सोडतात तो किडनीला त्रास देऊ शकतो, आणि किडनीचं काम बिघडल्याचं दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं ते साधारण दोन-तीन दिवसांनी. पूर्वी पेशंट तोवर वॉर्डातच असे, सकाळचं रक्त आपोआप तपासलं जाई. लवकर सोडलं की ही तपासणी नेमकी फटीत पडते. वर रामिप्रिल नव्याने सुरू केलेलं, त्यासाठीही एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघावं लागतं. समरीत रक्ततपासणीचा उल्लेखच नव्हता. सोमवारी नर्सचा फोन आला तेव्हा मी विचारलं, त्यांनी डॉक्टरांना विचारून लगेच तारीख दिली, ॲम्लोडिपिन बंद ठेवायला सांगितली. विचारलं म्हणून मिळालं. न विचारणाऱ्याचं काय?

नर्सच्या फोनबद्दल मात्र चांगलंच बोलायला हवं. ठरलेल्या वेळी आला, आणि "कसं वाटतंय, बरं आहे ना" असा कोरडा नव्हता. किती चाललात, धाप कुठे लागली, वजन किती, दोन-तीन दिवसांत एकदम दोन किलो वाढलं तर कळवा, काल रात्रीची गोळी किती वाजता घेतली. गुडघ्याचं विचारल्यावर नवरा सहज बोलून गेला की घरात जुनी डायक्लोफिनॅकची पट्टी आहे, ती घेणार होतो. त्यांनी तिथल्या तिथे थांबवलं. असली वेदनाशामकं अटॅकनंतर धोका वाढवतात, रक्तस्रावही होऊ शकतो. दुखलं तर पॅरासिटामॉल. समरीत हेही नव्हतं, पण फोनने सावरलं. नवऱ्याच्या घड्याळाने मध्यरात्री ठोके ४८ झाल्याचा गजर केला होता, तेही विचारून घेतलं. बिसोप्रोलॉलने झोपेत ठोके इतके उतरणं चालतं, चक्कर किंवा ग्लानी येत नसेल तर. तो गजर मी त्याच रात्री बंद केला.

पण फोन सोमवारी आला. मधल्या रविवारी रात्री जे झालं त्यासाठी दीड तारा गेलाय.

रात्री दीडच्या सुमारास नवरा उठून बसला. "श्वास पुरा येत नाहीये." छातीत दुखत नव्हतं, घाम नव्हता, पण मध्येच खोल श्वास घ्यावा लागत होता, जसा उसासा. पत्रकावर ठळक अक्षरांत 'चोवीस तास मदत' असा नंबर. लावला. तो रिसेप्शनला लागला.

"सकाळी ओपीडीत दाखवा."

"यांना अटॅक येऊन गेलाय, तुमच्याकडूनच घरी सोडलंय. श्वास लागतोय."

"हो, पण डॉक्टर ओपीडीत भेटतील. दहा वाजता."

आवाज कुणा पोरसवदा मुलाचा होता. त्याला कुणी काही शिकवलेलंच नव्हतं, त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. मी म्हटलं, मला सीसीयूला जोडून दे. "पेशंट ॲडमिट आहे का?" नाही. "मग सीसीयूला जोडता येत नाही." शेवटी मी आवाज चढवला, तेव्हा जोडलं. मधे किती वेळ गेला ते मी मोजलं नाही. खरा अटॅक असता तर तेवढा वेळ परवडला नसता, आणि मग मी सरळ ॲम्ब्युलन्सच बोलावली असती.

सीसीयूच्या सिस्टरांनी मात्र एका दमात कामाचं विचारलं. दुखतंय का? आडवं झाल्यावर श्वास वाढतो का? पाय सुजलेत? फोन त्यांच्याकडे द्या, मला एक पूर्ण वाक्य बोलून दाखवू दे. मग म्हणाल्या, "बहुधा टिकाग्रेलॉरमुळे असेल, पण फोनवर मी तसं ठरवणार नाही. या, ईसीजी काढू. त्यांना गाडी चालवू देऊ नका. आणि गोळी थांबवू नका." गेलो. ईसीजी आधीसारखाच, छातीचा एक्स-रे स्वच्छ, इको पुन्हा पाहिला, तोही तसाच. गोळीचाच गुण होता तो. २००९ च्या प्लेटो अभ्यासात टिकाग्रेलॉर घेणाऱ्या सुमारे १४ टक्के लोकांना असा श्वास जाणवला होता, त्याच कामाच्या क्लोपिडोग्रेल या गोळीवर सुमारे ८ टक्के. बहुतेकांचा आपोआप कमी होतो. फारच त्रास झाला तर डॉक्टर दुसरी गोळी देतात. नवऱ्याचा आठवड्याभरात गेला.

आता हे दुसऱ्या घरात झालं असं धरून चला. गोळी घेतल्यावर श्वास लागतो हे पेशंटच्या लक्षात येतं. फोनवरचा मुलगा सांगतो, दहा वाजता या. पेशंट काय करील? गोळी बंद करील. कुणीही करील. आणि नवीन स्टेंट बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात ही गोळी बंद करणं म्हणजे त्या गुठळीला आवतण. ज्या धोक्याबद्दल डॉक्टर मला म्हणाले होते की त्यासाठी वॉर्डात ठेवून उपयोग नाही, तो घरी टाळायचं एकमेव साधन म्हणजे तो फोन नंबर, आणि तोच निकामी. अँजिओप्लास्टीच्या खोलीत लाखमोलाची यंत्रं आणि रात्रीच्या फोनवर प्रशिक्षण नसलेला मुलगा, हा हिशेब मला काही केल्या जुळवता येत नाही.

आणखी एक गोष्ट झ्वोलेच्या सोळा गुणांत नाही: घर. सगळे प्रश्न पेशंटच्या शरीराचे. घरी रात्री कोण असतं, त्या माणसाला झोप मिळते का, ॲम्ब्युलन्स किती वेळात पोचते, गोळ्यांची नावं वाचता येतात का, याला शून्य गुण. सिस्टरांनी एवढं विचारलं की घरी कोण असतं, मी म्हटलं मी आहे, संपलं. मी रात्रपाळी करते हे कुणी विचारलं नाही. मी रजा टाकली. हॉस्पिटलने ज्या दोन रात्री वाचवल्या त्या मी जागून काढल्या, त्याच्या छातीकडे बघत. याची मला तक्रार नाही. तो त्याच्या अंथरुणात, त्याच्या उशीवर झोपला आणि तिसऱ्या दिवसापासून घोरायलाही लागला, जे वॉर्डात कधीच झालं नसतं. पण त्या रात्री कुणीतरी केल्या, हे सेवेच्या हिशेबात कुठेतरी लिहिलेलं असावं. जो माणूस एकटा राहतो, त्याच्यासाठी गुण एक असला तरी मी या सेवेची शिफारस करणार नाही, निदान रात्रीचा नंबर सुधारेपर्यंत.

पुनर्वसनाची तारीख मिळाली, पण उशिराची. ठरवून दिलेला व्यायाम, औषधं, आहार, मन, सगळं बघणारा हा वर्ग हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि पुन्हा भरती होणं कमी करतो हे चांगलं माहीत असलेलं आहे, आणि लवकर सोडण्याची ती अटच आहे. तोवर नवरा सिस्टरांच्या पत्रकाप्रमाणे सपाटीवर चालला, रोज थोडं वाढवत. मनाचं सांगायचं तर तो महिनाभर स्वतःच्या नाडीला हात लावून बसे. त्याबद्दल फोनवर कुणी विचारलं नाही.

तर ही सेवा कुणी घ्यावी? नळी वेळेत आणि पूर्ण उघडली, पंपिंग बरं, ठोके शांत, वय फार नाही, घरी जागं माणूस, आणि आकडे कागदावर दाखवणारे डॉक्टर, असं असेल तर बिनधास्त घ्या. आणखी दोन दिवस ठेवा म्हणून हट्ट धरू नका. फक्त निघायच्या आधी वॉर्डात बसूनच तो रात्रीचा नंबर एकदा लावून बघा, कोण उचलतं ते कळेल. जुन्या गोळ्यांची पट्टी सोबत ठेवा आणि एकेक दाखवून विचारा, ही चालू की बंद. किडनीच्या रक्ततपासणीची तारीख मागून घ्या.

निवडीला पाच, शिकवण्याला पाच, दिवसाच्या फोनला साडेचार, कागदपत्रांना अडीच, रात्रीच्या फोनला एक, आणि तो एकही सीसीयूच्या सिस्टरांमुळे.

नवऱ्याची आणखी एक नळी अरुंद आहे. दुसरी नळी नंतर वेगळ्याने केली तर फायदा होतो, आणि ती घरी जाऊन काही आठवड्यांनी केली तरी चालतं, हे २०१९ च्या कम्प्लीट अभ्यासात दिसलंय, म्हणून आम्हाला पुढच्या महिन्याची तारीख दिलीय. त्याच हॉस्पिटलात करणार आहोत. फॉर्मवर 'विशेष सूचना' असा रकाना होता, त्यात मी लिहून दिलंय: डिस्चार्ज सकाळी द्यावा, आणि शनिवारी देऊ नये.